बिटकॉइन पंधरा वर्षं ठेवायचं आहे: हार्डवेअर वॉलेट, जुना लॅपटॉप की मल्टिसिग?

बंदरकाठ:

नमस्कार. माझ्याकडे फक्त बिटकॉइन आहे आणि सध्या सगळं एका भारतीय एक्स्चेंजवर पडून आहे. निदान पंधरा वर्षं विकायचं नाही, दर महिन्याला थोडी भर घालत राहायचं, असा बेत आहे. घर रत्नागिरीत, खाडीला लागून. इथे लोखंड वर्षभरात गंजतं आणि पावसाळ्यात कपाटातल्या कागदालासुद्धा बुरशी धरते. रत्नागिरीतच बँकेचा लॉकर आहे, बहीण पुण्यात असते. पत्नी संगणक सहज वापरते, पण क्रिप्टोतलं तिला काही माहीत नाही.

तीन पर्याय डोक्यात आहेत: एक हार्डवेअर वॉलेट (पैसे काढायची गुप्त किल्ली, म्हणजे ‘की’, आत ठेवून व्यवहारावर सही करणारं छोटं उपकरण), इंटरनेट कायमचं बंद करून ठेवलेला जुना लॅपटॉप, किंवा तीनपैकी दोन सह्या लागणारं मल्टिसिग. यातलं कोणतं घ्यावं? वॉलेट ज्यांवरून परत उभं करता येतं ते शब्द १२ घ्यावेत की २४? आणि ते कागदावर ठेवू नयेत तर कशावर?

सह्याद्रीवारा:

एक्स्चेंजवरून काढायचं ठरवलंत हे योग्यच. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो गेलं. २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या परदेशी एक्स्चेंजमधून गेलं सुमारे दीडशे कोटी डॉलरचं. दोन्हीकडे मल्टिसिग होतं, हे तुमच्या तिसऱ्या पर्यायाच्या दृष्टीने ध्यानात ठेवा. पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही दुसऱ्याच व्यवहारावर झाली. सह्यांची संख्या वाढवून हा धोका जात नाही. सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतोय ते उपकरणाच्या स्वतःच्या पडद्यावर वाचता आलं पाहिजे.

लॅपटॉपचा विचार सोडून द्या. पंधरा वर्षांत त्याची बॅटरी फुगेल, खाडीच्या हवेत बोर्ड गंजेल, आणि न वापरलेल्या एसएसडीतला डेटा तर काही वर्षांतच पुसट व्हायला लागतो.

हार्डवेअर वॉलेटही ‘साठवण’ नाही. साठवण म्हणजे ते १२ किंवा २४ शब्द. उपकरण म्हणजे फक्त सही करायचं पेन. आज एका कंपनीचं, दहा वर्षांनी दुसऱ्या कंपनीचं. म्हणून उपकरण कोणतं घ्यावं यावर आठवडा घालवू नका. बिप-३९ या सर्वमान्य पद्धतीचे शब्द देणारं आणि व्यवहाराचा पत्ता व रक्कम स्वतःच्या पडद्यावर दाखवणारं चालू उत्पादन असलं की पुरे. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून किंवा त्याच संकेतस्थळावर नाव असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. पेटीत आधीच शब्द छापलेलं कार्ड निघालं तर ते उपकरण वापरू नका, ती फसवणूकच असते. ट्रेझर या कंपनीच्या हार्डवेअर वॉलेटच्या पहिल्या दोन मॉडेलांत सुरक्षित चिप नाही. उपकरण चोराच्या हातात पडलं तर त्यातून शब्द काढता येतात, हे २०२० मध्ये क्रॅकेन या एक्स्चेंजच्या प्रयोगशाळेने सुमारे पंधरा मिनिटांत करून दाखवलं. तेव्हा जुनं, वापरलेलं मॉडेल स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

१२ शब्द पुरतात. १२ शब्दांत १२८ बिट यादृच्छिकता असते, आणि बिटकॉइनची की फोडायलाही साधारण तेवढीच, १२८ बिटांची, मेहनत लागते. २४ शब्दांनी साखळीची दुसरी कडी मजबूत होत नाही. धातूवर ठोकायची अक्षरं मात्र ४८ ची ९६ होतात आणि चुकायची संधी दुप्पट. उपकरण फक्त २४ च देत असेल तर २४ घ्या, बिघडत काही नाही.

आता क्रम. बहुतेकांचं नुकसान चोरामुळे नव्हे, क्रम चुकल्यामुळे होतं, म्हणून हा नीट वाचा.

फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. शब्द उपकरणालाच तयार करू द्या. त्या खोलीत मोबाइल नको, लॅपटॉपचा कॅमेरा नको. घरात सीसीटीव्ही असेल तर त्याच्या नजरेआड बसा. शब्द आधी कागदावर पेन्सिलने लिहा, मग धातूवर ठोका. वॉलेटचं ‘मास्टर फिंगरप्रिंट’ म्हणजे आठ अक्षर-अंकांची खूण, आणि पहिला जमा-पत्ता, दोन्ही वहीत टिपा. ही खूण गुप्त नसते, तिच्यावरून कोणी पैसे काढू शकत नाही.

मग एक्स्चेंजवरून अगदी थोडी रक्कम पाठवा, एक्स्चेंजची काढण्याची किमान मर्यादा जेमतेम ओलांडेल इतकी. नेटवर्क निवडताना ‘बिटकॉइन’च निवडा. तिथे बीईपी-२० सारखे दुसऱ्या नेटवर्कचे स्वस्त पर्याय दिसतात, पण त्यावर बिटकॉइनच्या नावाचं भलतंच टोकन मिळतं. पत्ता संगणकाच्या पडद्यावरून कॉपी केलात तरी उपकरणाच्या पडद्यावरच्या पत्त्याशी पूर्ण ताडून बघा, कारण क्लिपबोर्डमधला पत्ता बदलणारे व्हायरस सर्रास असतात आणि काही तर पहिली-शेवटची चार अक्षरं जुळतील असा पत्ता घालतात.

रक्कम पोचली की उपकरण पुसून टाका. फॅक्टरी रिसेट. मग कागद बाजूला ठेवून, केवळ धातूच्या पट्टीवरचं वाचून शब्द परत भरा. फिंगरप्रिंट तेच आलं? पहिला पत्ता तोच आला? मग त्या थोड्या रकमेतला काही भाग एक्स्चेंजला परत पाठवून पाहा, म्हणजे सही होते हेही कळेल. हे सगळं जमल्यावरच बाकीची रक्कम दोन-तीन टप्प्यांत हलवा आणि कागद जाळा. ही रिसेटची पायरी नव्वद टक्के लोक भीतीपोटी टाळतात असा माझा अंदाज आहे. रक्कम थोडी असताना भीती वाटून घेणं परवडतं, म्हणून ती तेव्हाच करायची.

ऐरण_हातोडा:

धातूबद्दल लिहितो, कारण समुद्राकाठी इथेच गफलत होते.

तयार पट्ट्या महाग वाटल्या तर घरी करता येतं. लेटर पंचचा, म्हणजे धातूवर अक्षरं ठोकायच्या छापांचा, सेट हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, ३ मिलिमीटरचा घ्या. इंग्रजी अक्षरांचे २७ नग आणि आकड्यांचे ९ असतात (सहा आणि नऊला एकच पंच, उलटा धरायचा). स्टेनलेसवर ठोकायचं असल्याने कठीण केलेल्या पोलादाचे पंच पाहिजेत. स्वस्त सेटची टोकं दहा-बारा अक्षरांत बसतात.

पट्टी ३१६ ग्रेड स्टेनलेसची, २ ते ३ मिलिमीटर जाड, साधारण १०० बाय ६० मिलिमीटर. फॅब्रिकेशनवाल्याकडे कापलेले तुकडे पडलेले असतात. ३०४ चालतं का? घराच्या आत चालतं. खाऱ्या हवेत त्यावर तपकिरी डाग येतात, पण ठोकलेली अक्षरं त्याने जात नाहीत. तरी ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाने पडणाऱ्या खड्ड्यांना ते जास्त दाद देत नाही. एवढ्याशा तुकड्याला किमतीतला फरक नगण्य. गॅल्व्हनाइज्ड पत्रा मात्र अजिबात नको, जस्ताचा थर गेला की तो तुमच्याकडे दोन-चार पावसाळे टिकेल. लोहचुंबक लावून बघा: पत्रा घट्ट चिकटला तर नको. ३०४ आणि ३१६ मधला भेद चुंबकाने कळत नाही, तिथे दुकानदारावर किंवा टेस्ट सर्टिफिकेटवर भिस्त. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, घराला लागलेली आग त्याच्या वर सहज जाते; स्टेनलेस १,४०० च्या आसपास वितळतं.

ठोकताना खाली ऐरण किंवा रुळाचा तुकडा घ्या. फरशीवर किंवा लाकडावर ठोकलं तर पट्टी उसळते आणि अक्षर दुहेरी उमटतं. एक किलोची हातोडी, प्रत्येक अक्षराला एकच ठोका. पंचाच्या एका बाजूला उत्पादकाची खूण असते, ती कायम आपल्याकडे धरायची. नाहीतर ‘एन’ आडवा होऊन ‘झेड’ वाचला जातो आणि ‘एम’ उलटून ‘डब्ल्यू’ होतो.

प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं ठोकली की झालं. बिप-३९ च्या यादीत २,०४८ शब्द आहेत आणि पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द वेगळा ओळखता येतो. तीन अक्षरी शब्द आला तर चौथ्या जागी सेंटर पंचने एक टिंब द्या, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला अक्षर पुसलंय की काय अशी शंका येणार नाही. शब्दांचा अनुक्रमांक हवाच. काही जण शब्दाऐवजी त्याचा यादीतला क्रमांक ठोकतात. तसं करू नका. काही याद्या ० पासून मोजतात, काही १ पासून, आणि दहा वर्षांनी आपण कोणती वापरली होती ते आठवत नाही.

पट्टीच्या मागे आणखी एक ओळ ठोका: ‘बिप ३९ – १२ – बिप ८४’ अशा अर्थाची, इंग्रजी अक्षरांत. इलेक्ट्रमसारख्या वॉलेटची स्वतःची वेगळी शब्दपद्धत आहे, दिसायला सारखेच १२ शब्द, पण बिप-३९ च्या उपकरणात ते भरले तर चूक तरी दाखवतो किंवा रिकामं वॉलेट उघडतं. बिप-८४ म्हणजे ‘बीसी१क्यू’ने सुरू होणारे पत्ते. हे माहीत नसलं तर योग्य शब्द भरूनही शिल्लक शून्य दिसते आणि माणूस हबकून पट्टीच चुकीची समजतो.

निळी_पेन्सिल:

एवढा खटाटोप कशाला? शब्द एका फाइलमध्ये, फाइलला दणदणीत पासवर्ड, आणि गूगल ड्राइव्हवर. आग नाही, गंज नाही.

सह्याद्रीवारा:

@निळी_पेन्सिल, ती फाइल तयार करताना शब्द इंटरनेटला जोडलेल्या यंत्राच्या कीबोर्डवरून गेले, तिथेच हार्डवेअर वॉलेटचा सगळा फायदा संपला. दुसरं, फाइल एकदा चोराच्या हाती लागली की तो घरी बसून हवे तितके पासवर्ड हव्या तितक्या वेगाने लावून पाहतो, तीन चुकांनंतर अडवणारं कोणी नसतं. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड साठवणाऱ्या सेवेतून ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. त्यातले कमकुवत पासवर्ड चोर नंतर सावकाश फोडत बसू शकतात. पासवर्ड बदलता येतो, शब्द बदलता येत नाहीत. बदलायचे तर नवं वॉलेट काढून सगळी रक्कम हलवावी लागते, आणि गळती कळेपर्यंत ती उरलेली नसते. मोबाइलवर काढलेला फोटो हाही याच जातीतला, तो आपोआप क्लाउडवर चढतो.

बंदरकाठ:

खूप उपयोगी. पुढची शंका: पट्टी एकच ठेवली तर ती सापडणाऱ्याला सगळंच मिळतं. म्हणून १२ पैकी ६ शब्द लॉकरमध्ये आणि ६ बहिणीकडे असं केलं तर? की पंचविसावा शब्द म्हणतात तो पासफ्रेज, म्हणजे या शब्दांना जोडायचा स्वतः निवडलेला जास्तीचा संकेत, लावू? आणि मल्टिसिगचं काय ठरलं?

शून्य_शेष:

शब्द तोडू नका. सहा-सहा केले तर दोहोंपैकी एक भाग हरवला तरी सगळं गेलं, म्हणजे हरवण्याचा धोका तुम्ही दुप्पट केलात. काही जण तीन तुकडे करतात, प्रत्येकावर ८ शब्द, कोणतेही दोन जोडले की १२ पूर्ण. ते याहून वाईट. ज्याच्या हाती एक तुकडा लागला त्याला फक्त ४ शब्द शोधायचे उरतात. चार शब्द म्हणजे ४४ बिट, त्यातले ४ बिट पडताळणीचे, उरले ४० बिट, म्हणजे सुमारे एक लाख कोटी शक्यता. २०२० मध्ये एका जाहीर आव्हानात नेमक्या एवढ्या शक्यता एका प्रोग्रामरने भाड्याच्या ग्राफिक कार्डांवर तीस तासांत तपासून बक्षिसाचा बिटकॉइन काढला होता. वाटणी करायचीच असेल तर त्यासाठी शमीरची पद्धत आहे (स्लिप-३९), तीत एका तुकड्यावरून काहीच कळत नाही. पण ती मोजक्या वॉलेटांत चालते, आणि पंधरा वर्षांच्या हिशेबात मला ते जोखमीचं वाटतं.

पासफ्रेज हे चांगलं हत्यार आहे, पण त्याचा स्वभाव समजून घ्या. चुकीचा पासफ्रेज टाकला तर ‘चूक’ असं कुठेच येत नाही. प्रत्येक पासफ्रेजला एक वेगळं, वैध, रिकामं वॉलेट उघडतं. एक जागा जास्त सुटली, पहिलं अक्षर मोठ्या लिपीत पडलं, की शिल्लक शून्य. त्यामुळे पासफ्रेज वॉलेटचं फिंगरप्रिंट वेगळं टिपून ठेवणं अनिवार्य आहे, तेवढीच एक खूण आपण बरोबर दारातून आत शिरलो हे सांगते. देवनागरीत पासफ्रेज ठेवायचा मोह टाळा. बहुतेक उपकरणांवर तो टंकता येत नाही, आणि काना-मात्रा-नुक्त्याचं एकच अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवलं जाऊ शकतं. साधी इंग्रजी छोटी लिपी, बिप-३९ च्याच यादीतून फाशांनी निवडलेले सहा शब्द, मध्ये एकेक जागा. सहा शब्दांचे ६६ बिट होतात, पट्टी सापडलेल्या चोराला ते पुरून उरतात. मुलांची नावं, जन्मतारखा, अभंगाची ओळ हे काही टिकत नाही.

आणि पासफ्रेज डोक्यात ठेवायचा नाही. तोही धातूवर, दोन प्रती, आणि शब्दांच्या पट्टीबरोबर कधीच नाही. तुमच्याकडे लॉकर, घर आणि बहिणीचं घर अशा तीन जागा आहेत, आणि चार वस्तू होतात: शब्दांची पट्टी दोनदा, पासफ्रेज दोनदा. लॉकरमध्ये शब्द, पुण्यात शब्द, रत्नागिरीच्या घरी पासफ्रेज, आणि पासफ्रेजची दुसरी प्रत पत्नीच्या माहेरी किंवा तत्सम चौथ्या ठिकाणी. चौथी जागा नसेल तर पासफ्रेज लावूच नका. प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत असणं हे पासफ्रेजपेक्षा महत्त्वाचं आहे.

मल्टिसिग: तीनपैकी दोन सह्या असल्या तरी पैसे काढायला तिन्ही कींच्या सार्वजनिक भागांची गरज असते. दोन पट्ट्या हातात आहेत, तिसरी हरवली आणि तिची ‘एक्सपब’ही, म्हणजे तो सार्वजनिक भाग, कुठे नोंदलेली नाही, तर दोन सह्या करता येत असूनही पैसे अडकतात. म्हणून वॉलेटची संरचना सांगणारी फाइल, म्हणजे डिस्क्रिप्टर, तिन्ही पट्ट्यांबरोबर छापून ठेवावी लागते. हे ज्याला झोपेत सांगता येईल त्याने मल्टिसिग करावं. तुमच्या पश्चात पत्नीला हे करावं लागणार आहे, त्यामुळे तुमच्यासाठी माझं मत एक सही, दोन पट्ट्या असंच आहे.

वारसनोंद:

पत्नीचा मुद्दा वर ओझरता आला, तो मला सगळ्यात मोठा वाटतो.

एक पत्र लिहा, मराठीत, साध्या भाषेत, दोन पानांच्या आत. त्यात शब्द नसावेत. काय आहे, पट्ट्या कुठे आहेत, पट्टीवर काय लिहिलंय त्याचा अर्थ काय, उपकरण कोणतं, फिंगरप्रिंट काय, ही माहिती हवी. आणि ठळक अक्षरांत दोन सूचना: हे शब्द कोणत्याही संकेतस्थळावर, फोनवर, ‘सपोर्ट’च्या माणसाला सांगायचे नाहीत, आणि घाई नाही, सहा महिने काहीच केलं नाही तरी काही बुडत नाही. मग वर्षातून एकदा पत्नीला पत्र वाचून एकटीने रिकाम्या उपकरणावर वॉलेट उघडू द्या. तुम्ही शेजारी बसा पण बोलू नका. ती जिथे अडेल ती ओळ पत्रात सुधारा.

मृत्युपत्रात शब्द लिहायचे नाहीत. मृत्यूनंतर त्याच्या प्रती अनेक हातांतून जातात. मालकी कोणाची एवढंच त्यात लिहा, ‘माझ्या नावे असलेली सर्व आभासी डिजिटल मालमत्ता’ असा उल्लेख करून.

लॉकरचे नियम तपासा. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतकीच आहे. पूर-भूकंपात तीही नाही. सात वर्षं लॉकर उघडला नाही आणि धारकाचा ठावठिकाणा लागला नाही, तर भाडं भरलेलं असूनही बँक तो उघडू शकते. पंधरा वर्षांचा बेत असलेल्याने वर्षातून एकदा तरी लॉकरला भेट द्यावी. नॉमिनी नोंदवा किंवा लॉकरच पत्नीबरोबर जोडनावाने करा. पट्टी नंबर छापलेल्या, एकदाच बंद होणाऱ्या पाकिटात ठेवा आणि नंबर घरी टिपून ठेवा. पाकीट फाटलेलं किंवा नंबर वेगळा दिसला तर त्याच दिवशी रक्कम नव्या वॉलेटमध्ये हलवायची.

एक गोष्ट धातूवर नाही, कागदावरच लागते: खरेदीचा हिशेब. विकताना नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस आहे, वजावट मिळते ती फक्त खरेदी किमतीची. स्वतःच्या एक्स्चेंज खात्यातून स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवणं ही विक्री नव्हे, पण पंधरा वर्षांनी एक्स्चेंज असेलच असं नाही. म्हणून दर वर्षी व्यवहारांचं विवरण उतरवून घ्या आणि कोणत्या तारखेला किती बिटकॉइन कुठल्या व्यवहार क्रमांकाने बाहेर काढलं ते त्यावर लिहा. खरेदी किंमत सिद्ध करता आली नाही तर पूर्ण रकमेवर कर भरायची वेळ येऊ शकते.

बंदरकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. पासफ्रेज नको, दोन पट्ट्या, ३१६ स्टेनलेस. शेवटची दोन बारीक प्रश्नं. दर महिन्याची खरेदी लगेच वॉलेटमध्ये पाठवू का? आणि उपकरण ‘टॅपरूट’ हे नव्या प्रकारचे पत्ते सुचवतंय, ते घेऊ का?

शून्य_शेष:

लगेच नको. बिटकॉइनमध्ये प्रत्येक जमा हे वेगळं नाणं म्हणून राहतं, आणि खर्च करताना फी नाण्यांच्या संख्येवर पडते. बिप-८४ च्या पत्त्यावरचं एक नाणं खर्चायला सुमारे ६८ व्हर्च्युअल बाइट (व्यवहाराचा आकार मोजायचं एकक) लागतात. फी दर बाइटला १०० सातोशी (बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग म्हणजे एक सातोशी) असेल तेव्हा एका नाण्याला ६,८०० सातोशी झाले. पंधरा वर्षांत दरमहा एक याप्रमाणे १८० नाणी साठली तर त्याच दराने बारा लाख सातोशींच्या वर फी होईल. वर्षातून दोन किंवा तीनदाच काढा, पण एक्स्चेंजवर पडलेली रक्कम गेली तर चालेल इतकीच होऊ द्या. एक्स्चेंजचा काढण्याचा शुल्कही तेवढाच वाचतो.

टॅपरूटऐवजी बिप-८४ च ठेवा. टॅपरूटच्या पत्त्यात सार्वजनिक की उघडीच असते. ‘बीसी१क्यू’ पत्त्यात तिचा हॅश, म्हणजे जिच्यावरून मूळ की काढता येत नाही अशी खूण, असतो आणि की पहिल्यांदा खर्च करेपर्यंत बाहेर येत नाही. क्वांटम संगणकाची भीती आज प्रत्यक्षात नाही, पण मुदत पंधरा वर्षांची असताना हे जास्तीचं आवरण फुकट मिळतंय. त्याच कारणासाठी प्रत्येक वेळी नवा जमा-पत्ता घ्या.

फोनवर शिल्लक बघायची असेल तर वॉलेटची ‘झेडपब’, म्हणजे सगळे पत्ते दाखवणारी सार्वजनिक की, घेऊन फक्त-पाहण्याचं वॉलेट करा. त्यातून पैसे काढता येत नाहीत. मात्र ती ज्याच्या हाती पडेल त्याला तुमची सगळी शिल्लक, जुनी आणि पुढची, दिसत राहील, तेव्हा व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

ऐरण_हातोडा:

पंच घेतल्यावर आधी टाकाऊ पत्र्यावर पूर्ण वर्णमाला एकदा ठोकून बघा, आणि सरावाला खरे शब्द वापरू नका. सरावाचा पत्रा भंगारात जातो.

बंदरकाठ:

हे ध्यानात आलंच नसतं. सरावाला भाजीची यादी ठोकतो.

सह्याद्रीवारा:

उत्तम. आणि खरी पट्टी झाली की थोड्या रकमेवरच रिसेट करून बघा, बाकीची रक्कम त्यानंतर.